फिरवलं की मिसळतं? छे!

दिवाळीची सुट्टी संपवून हॉस्टेलवर परततानाचा तो डबा आठवा. घरून निघताना आईने चिवडा नीट कालवून, झाकण दाबून, वरून रबरबँड लावून दिलेला असतो. मग एसटीचा पाच-सहा तासांचा प्रवास. डबा बॅगेत, बॅग वरच्या रॅकवर, आणि रस्ता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. रूमवर पोचून झाकण उघडलं की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर ऐटीत बसलेले. पहिल्याच रात्री रूममेट्स त्यांचा फडशा पाडतात. जो बिचारा गावाहून दोन दिवस उशिरा येतो, त्याच्या वाट्याला तळातला ऐवज येतो: तीळ, मीठ, तिखट आणि पोह्यांचा चुरा.

यात सगळा दोष रूममेट्सचा नाही. निम्मा गुन्हा एसटीचा आहे.

आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते. हलवलं, ढवळलं, फिरवलं की वस्तू एकमेकांत मिसळतात. चहात साखर ढवळली की ती सगळीकडे जाते. पत्ते पिसले की राजा-राणी विखुरतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरही ‘वापरण्यापूर्वी चांगली हलवा’ असंच लिहिलेलं असतं. अकरावी-बारावीला एन्ट्रॉपी शिकवताना सरांनीही हेच सांगितलं होतं की आवरलेलं आपोआप विस्कटतं, विस्कटलेलं आपोआप आवरत नाही. (हॉस्टेलची रूम हा त्याचा जिवंत पुरावा.)

पण कोरड्या दाण्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. ते हलवले की बऱ्याचदा वेगळे होतात. आणि एखाद्या गोल ड्रममध्ये घालून फिरवले, तर इतक्या शिस्तीत वेगळे होतात की बघणारा चाट पडतो. मी केमिकल इंजिनीअरिंगला होतो. या एका गोष्टीने माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट खाल्ला आणि त्याआधीच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिपही जवळजवळ खाल्ली होती. इंटर्नशिपचं पुढे सांगतो. आधी तुम्ही एक करा.

बरणी घ्या, काचेची

सरळ भिंतीची, गोल, सपाट तळाची काचेची बरणी घ्या. त्यात वाटीभर राजगिरा आणि तेवढेच अख्खे काळे उडीद घाला. बरणी साधारण निम्मी भरली पाहिजे, जास्त नको. हाताने नीट कालवा, म्हणजे सगळीकडे काळं-पांढरं सारखं दिसेल. झाकण घट्ट लावा. आता बरणी टेबलावर आडवी ठेवा आणि हळूहळू लाटण्यासारखी फिरवा. एका फेऱ्याला तीन-चार सेकंद लागले तरी चालतील. टेबल संपलं की उलटी फिरवत आणा. दहा-पंधरा फेरे झाले की थांबा आणि बरणीच्या तळाच्या काचेतून आत बघा.

मधोमध राजगिऱ्याचा फिकट अर्धचंद्र दिसेल आणि त्याच्याभोवती, काचेला लागून, उडदांचं काळं कडं. तुम्ही मिसळायला म्हणून फिरवलंत आणि बरणीने निवडून दिलं.

साखर किंवा मीठ घेऊन करू नका, पावसाळ्यात तर नकोच. ओल धरली की दाणे एकमेकांना चिकटतात आणि गंमत जाते. रवाही काचेला चिकटून बसतो. राजगिरा-उडीद सगळ्यात सोयीचे, शिवाय नंतर चाळणीने वेगळे करून जागच्या जागी ठेवता येतात. आईला कळायच्या आत.

आता हे होतं कसं? बरणी फिरत असताना आतला माल दोन भागांत वागतो. खालचा मोठा भाग जवळजवळ झोपलेला असतो. एस्केलेटरवर उभी असलेली माणसं जशी स्वतः न हलता वर जातात, तसा तो बरणीबरोबर नुसता वर चढतो. वर पोचला की उतार इतका तीव्र होतो की दाण्यांना थांबणं जमत नाही, आणि ते पृष्ठभागावरून धावत खाली येतात. हा धावणारा थर अगदी पातळ असतो, मोजक्या दाण्यांच्या जाडीचा. पण सगळं नाटक याच थरात घडतं. बाकीचा माल फक्त आपली पाळी येण्याची वाट बघत असतो.

संध्याकाळी दादरच्या पुलाचा जिना उतरणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. सगळे एकाच दिशेने उतरतायत, धक्के बसतायत, माणसामाणसांत क्षणभर फटी पडतायत आणि मिटतायत. त्या फटीतून कोण सुळकन पुढे निसटतं? लहान पोरगं. पाठीवर सॅक असलेल्या धिप्पाड माणसाला ती फट दिसते, पण तो त्यात मावत नाही. धावणाऱ्या थरात असंच होतं. दाण्यांमध्ये सतत फटी पडतात. लहान दाणा त्या फटीतून खाली सरकतो, मोठा सरकू शकत नाही. प्रत्येक फेऱ्याला लहान दाणे थराच्या तळाशी आणि मोठे थराच्या माथ्यावर जातात. म्हणजे चाळणी नसलेली चाळणीच. इंजिनीअर मंडळी या प्रकाराला ‘कायनेटिक सीव्हिंग’ म्हणतात.

पुढचं मग साधं आहे. थराच्या तळाशी गेलेले लहान दाणे उताराच्या मधल्या टप्प्यावरच खालच्या झोपलेल्या मालात सापडतात आणि गाभ्यात अडकतात. माथ्यावरचे मोठे दाणे मात्र उताराच्या शेवटापर्यंत धावत जातात आणि बाहेरच्या कड्यात पोचतात. चार-दोन फेऱ्यांतच हे दिसायला लागतं.

एन्ट्रॉपीच्या नियमाचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. हवेचे रेणू किंवा चहातले साखरेचे रेणू खोलीच्या तापमानामुळेच अखंड थरथरत असतात, म्हणून त्यांना मिसळायला कुणी सांगावं लागत नाही. एक मिलिमीटरचा वाळूचा कण घ्या. त्याला स्वतःच्या उंचीइतकं वर उचलायला जी ऊर्जा लागते, ती तापमानामुळे मिळणाऱ्या थरथरीच्या ऊर्जेपेक्षा लाख कोटी पटींहूनही जास्त असते. कॅल्क्युलेटरवर करून बघा, एका बाजूला एमजीडी, दुसऱ्या बाजूला केटी. म्हणजे तापमान त्या कणाच्या खिजगणतीतच नाही. तो हलतो ते फक्त आपण ढकलतो म्हणून. आणि आपण दिलेली ऊर्जा तो घासाघाशीत, टकरीत लगेच उधळून टाकतो. ड्रम ही बंद प्रणाली नाही. एका बाजूने मोटर ऊर्जा ओततेय, दुसऱ्या बाजूने ती उष्णता होऊन जातेय. त्यामुळे दुसरा नियम शाबूत आहे, फक्त आपण त्याच्यावरून काढलेला ‘हलवलं की मिसळतं’ हा निष्कर्ष इथे लागू नाही.

ड्रमच्या पोटात

हे सगळं आत्ताचं नाही. १९३९मध्ये ओयामा नावाच्या जपानी संशोधकाने आडव्या, लांब नळकांड्यात दोन आकारांचे दाणे घालून ते फिरवले आणि त्यातून काय झालं ते जपानी भाषेत छापलं. त्याला दिसलं ते तुमच्या बरणीपेक्षाही विचित्र होतं. नळकांडं बराच वेळ फिरत राहिलं की त्याच्या लांबीवर पट्टे उमटतात. लहान दाण्यांचा पट्टा, मग मोठ्यांचा, मग पुन्हा लहानांचा, अगदी रंगीत बांगड्या ओळीने भराव्यात तसे. गाभा चार-दोन फेऱ्यांत तयार होतो, पट्ट्यांना शेकडो फेरे लागतात. आणि फिरवत राहिलात तर पट्टे हळूहळू एकमेकांत विलीन होऊन कमी आणि रुंद होत जातात.

तो निबंध पुढे कित्येक वर्षं फारसा कुणी उघडला नाही. भौतिकशास्त्रवाल्यांना दाण्यांचं वेड लागलं ते १९८०-९०च्या सुमारास. १९८७मध्ये एक शोधनिबंध आला, त्याचं शीर्षकच होतं की ब्राझील नट वर का येतात. सुक्या मेव्याच्या डब्यात ब्राझील नट हे सगळ्यात मोठं फळ, आणि डबा हलला की ते वर. त्यामुळे या प्रकाराला ‘ब्राझील नट इफेक्ट’ हेच नाव पडलं. आपल्याकडे कुणी आधी लिहिलं असतं, तर आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘चिवडा इफेक्ट’ असता. असो.

ड्रमची अडचण अशी की बाहेरून फक्त काचेलगतचं दिसतं. आत काय चाललंय ते कसं कळणार? मधोमध कापायला जावं तर दाणे हलतात आणि सगळं बिघडतं. १९९३च्या सुमारास अमेरिकेत काही जणांनी फिरता ड्रम थेट एमआरआय मशीनमध्ये घातला. एमआरआयला सिग्नल द्यायला हायड्रोजनवाला द्रव लागतो, वाळूत तो नसतो. मग त्यांनी काय वापरलं असेल? मोहरी! मोहरीच्या दाण्यात तेल असतं, आणि ते तेल एमआरआयमध्ये छान दिसतं. आपण जिला फोडणीपलीकडे किंमत देत नाही, तिच्यामुळे फिरत्या ड्रममधल्या दाण्यांचा वेग पहिल्यांदा आतून मोजता आला.

याच तंत्राने १९९७मध्ये किंबर्ली हिल, जेम्स काकालिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्ट्यांचं पोट तपासलं. (हे काकालिओस म्हणजे पुढे सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिणारे तेच.) बाहेरून जिथे फक्त मोठ्या दाण्यांचा पट्टा दिसत होता, तिथेही आत लहान दाण्यांचा गाभा सलग गेलेला सापडला, हारातल्या दोऱ्यासारखा. म्हणजे वरून बघून ‘इथे फक्त मोठे दाणे आहेत’ म्हणणारा माणूस साफ चुकणार होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्याआधी, १९९४मध्ये, हिल आणि काकालिओस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. काही मिश्रणांत ड्रमचा वेग वाढवला की पट्टे येतात आणि वेग कमी केला की तेच पट्टे विरून पुन्हा मिश्रण होतं. फिरवणं तेच, ड्रम तोच, दाणे तेच. फक्त रेग्युलेटर थोडा इकडे-तिकडे. टोरांटोच्या प्रयोगशाळेत तर काळी वाळू आणि साधं मीठ यांचे पट्टे नळीभर चालत जातानाही दिसले. हे पट्टे नेमके का पडतात, यावर आजही सगळ्यांना मान्य होईल असा एकच सिद्धान्त नाही. ट्रॅफिकमध्ये अडकून समोरच्या काँक्रीट मिक्सरचा ड्रम बघत बसताना हे आठवून बघा, वेळ जरा बरा जातो.

वेगाचा विषय निघालाच आहे तर एक गणित. ड्रम फार हळू फिरवला की माल थांबून थांबून, दरडीसारखा कोसळतो. जरा वाढवला की उतारावरून अखंड वाहतो. आणखी वाढवला की दाणे लाटेसारखे उसळतात, मग हवेत उडून पडतात. आणि एका वेगाला ते पडायचंच विसरतात. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये कपडे भिंतीला चिकटतात तसे. तो वेग अकरावीच्या फिजिक्सने निघतो. भिंतीवर लागणारं केंद्राकडचं त्वरण गुरुत्वाकर्षणाएवढं झालं पाहिजे, बस. एक मीटर व्यासाच्या ड्रमसाठी उत्तर येतं मिनिटाला साधारण ४२ फेरे. त्या वेगाला तुम्ही दिवसभर फिरवा, काहीही मिसळणार नाही, फक्त वीजबिल येईल.

आणि ड्रम किती भरायचा? माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही आहे, कारण ती कागदावर कंपास घेऊन काढता येते. हळू फिरणाऱ्या ड्रममध्ये माल पाचरीसारखा कोसळतो, वरची पाचर खालच्या पाचरीच्या जागी जाते. ड्रम निम्म्यापेक्षा कमी भरलेला असेल तर लागोपाठच्या पाचरी एकमेकांना छेदतात, त्यामुळे माल एकीतून दुसरीत जातो. निम्म्यापेक्षा जास्त भरला की मधला एक गोळा पृष्ठभागापर्यंत कधी पोचतच नाही. तो जागच्या जागी फिरत राहतो. ऐन गर्दीच्या वेळी पीएमपीच्या बसमध्ये मधोमध अडकलेल्या माणसासारखा, ज्याला दारही मिळत नाही आणि खिडकीही. हे १९९५मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या हुलिओ ओटिनो यांच्या गटाकडून.

आणि इथे आपल्या पवईचा संबंध येतो. ओटिनो यांच्याबरोबर या विषयावर वर्षानुवर्षं काम केलेलं एक नाव म्हणजे आयआयटी मुंबईच्या केमिकल इंजिनीअरिंग विभागातले प्रा. देवांग खक्कर, जे पुढे त्या संस्थेचे संचालकही झाले. फिरत्या सिलिंडरमधला तो गाभा कसा तयार होतो, याचं मॉडेल मांडणाऱ्या १९९७च्या निबंधात ते आहेत. १९९९मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ड्रम गोल न ठेवता चौकोनी केला तर काय होतं तेही बघितलं. गाभ्याला पाकळ्यांसारखे फुगवटे फुटतात. प्रोजेक्टच्या काळात लायब्ररीत या निबंधांच्या प्रिंट्स काढताना लेखकाच्या नावाखाली ‘पवई’ वाचून मला उगाचच भारी वाटलं होतं. पुण्याच्या एनसीएलमध्येही दाण्यांच्या प्रवाहावर काम झालंय. म्हणजे यात पुढे काही करायचं तर तिकीट काढून परदेशीच जायला हवं असं नाही.

वरचंच सॅम्पल

आता इंटर्नशिपचं. तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत एका औषध कंपनीत आठ आठवडे होतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. गोळ्या बनवण्याआधी औषधाची पूड आणि भराव, म्हणजे लॅक्टोजसारखी निरुपद्रवी पावडर, एका डबल कोन ब्लेंडरमध्ये मिसळतात. दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून जोडावीत तसा तो स्टीलचा ब्लेंडर असतो आणि आडव्या दांड्यावर गरागरा फिरतो. नवीन गोळीसाठी मोठ्या प्रमाणावर ट्रायल चालली होती. किती मिनिटं फिरवायचं हे त्यातून ठरणार होतं, आणि एकदा ठरलं की पुढच्या प्रत्येक बॅचला तेच.

ही मिनिटं इतकी महत्त्वाची का, ते आधी समजून घ्या. तुमच्या घरात कुणी थायरॉईडची गोळी घेत असेल तर तिच्यावर लिहिलेलं बघा, ५० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम नव्हे. अख्ख्या गोळीचं वजन १०० मिलिग्रॅम धरलं तर तिच्यात औषध दोन हजारांत एक भाग. बाकी सगळा भराव. हा एक भाग पोत्याच्या एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी पडला, तर एकाच स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या म्हणजे दोन वेगळे डोस. हृदयाच्या काही औषधांत, रक्त पातळ करणाऱ्या औषधांत हा फरक नुसता आकडा राहत नाही. म्हणून अशा कमी डोसच्या गोळ्यांची तपासणी सरासरीवर होत नाही. पहिल्या फेरीत १० गोळ्या घेऊन प्रत्येकीतलं औषध वेगवेगळं मोजतात.

आमच्या ट्रायलमध्ये औषधाची पूड बारीक होती आणि लॅक्टोज जरा जाडसर. आता तुम्हाला काय होणार ते कळायला लागलं असेल. मला तेव्हा नव्हतं कळलं.

माझं काम होतं ठराविक मिनिटांनी ब्लेंडर थांबला की वेगवेगळ्या दहा जागांवरून नमुने काढायचे. त्यासाठी एक लांब पोकळ सळई असते, पावडरमध्ये खुपसून आतल्या कप्प्यात माल घ्यायचा. तिला ‘थीफ’ म्हणतात. (चोरच तो, पण आपल्या बाजूचा.) दहा मिनिटांनंतरचे आकडे छान आले. दहाही नमुन्यांतला फरक आम्हाला दिलेल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. प्लॅन मात्र २५ मिनिटांचा होता. २५ मिनिटांनंतरचे आकडे आले आणि मी गार पडलो. तळाकडच्या नमुन्यांत औषध जास्त, वरच्यांत कमी, फरक मर्यादेच्या बाहेर.

‘‘सॅम्पलिंग चुकलं तुझं,’’ सीनियर म्हणाले. ‘‘जास्त फिरवल्यावर मिक्सिंग बिघडेल कसं? अजून पाच मिनिटं फिरवतो, परत काढ. आणि वरूनच काढ, खाली खुपसलंस की थीफ माल ओढत नेतो.’’

त्यांचं शेवटचं वाक्य अगदीच चूक नव्हतं. सळई खुपसताना वरची पावडर खाली ओढली जाते, हे खरं आहे. म्हणूनच मला ते पटलं. मी वरच्या थरातून जवळजवळच्या जागांवरून दहा नमुने काढले. आकडे सुंदर आले. येणारच; एकाच मोहल्ल्यातल्या दहा जणांना विचारलं तर मत एकच निघतं. मी ते रजिस्टरमध्ये लिहिले, आधीच्या दहा आकड्यांवर रेघ मारली आणि बाजूला ‘सॅम्पलिंग एरर’ असं लिहिलं. माझ्या अक्षरात.

रात्री पीजीवर झोप नाही. नैतिक वगैरे काही नव्हतं सुरुवातीला, खरं सांगतो. मला फक्त कळत नव्हतं की माझं सॅम्पलिंग चुकलं असेल तर आकडे अस्ताव्यस्त यायला हवे होते. पण ते तर ओळीने होते, तळापासून वरपर्यंत उतरते. चूक इतकी शिस्तीत होते का? मग आई आठवली. तिची गोळी सकाळी सहाला, उपाशीपोटी, गेली अकरा वर्षं. ती स्ट्रिप फोडताना प्रत्येक गोळी सारखीच आहे हे गृहीतच धरते. आपण सगळेच धरतो.

दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या मॅडमना जाऊन सांगितलं. रेघ मारलेले आकडेही दाखवले. त्यांनी आधी मला झापलं, कारण रजिस्टरमध्ये कारण न तपासता रेघ मारणं हा तिथला मोठा गुन्हा. सीनियरनाही बोलावलं, आणि ती दहा मिनिटं मला आजही आठवायला आवडत नाहीत. मग त्यांनी ट्रायल पुन्हा लावली. यावेळी सळईवर भरवसा न ठेवता ब्लेंडर रिकामा करताना पडणाऱ्या धारेतून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, थोड्या थोड्या वेळाने पूर्ण धारेचा नमुना. पावडरचा नमुना ती वाहत असताना घ्यावा आणि अख्ख्या धारेचा घ्यावा, हा या धंद्यातला जुना नियम आहे. मला तो तेव्हा कळला.

निकाल तोच. दहा मिनिटांना माल नीट मिसळलेला, पुढे पुढे वेगळा होत गेलेला. सुरुवातीला ब्लेंडरच्या उलथापालथीत ढीगच्या ढीग इकडून तिकडे जातात, म्हणून मिश्रण झपाट्याने सुधारतं. त्याच वेळी ती फटीतून खाली सरकण्याची भानगड सावकाश चालूच असते. मिसळणं थकतं, वेगळं होणं थकत नाही. एका टप्प्यानंतर प्रत्येक फेरा नुकसान करतो. ट्रायलच्या अहवालात वेळ कमी झाली आणि लॅक्टोजची जाडी बदलून बघायची शिफारस गेली. सीनियर माझ्याशी उरलेले तीन आठवडे कामापुरतंच बोलले. सर्टिफिकेटवर सही मात्र त्यांनीच केली.

दाण्यांचा आकार जवळपास सारखा ठेवणं हा यावरचा सगळ्यात सरळ उपाय. दुसरा जरा चलाखीचा आहे. फक्त आकारच नाही, घनताही निवड करते. जड दाणे गाभ्यात जातात, हलके बाहेर. मग मोठे दाणे जड आणि लहान दाणे हलके असतील तर? दोन्ही ओढी एकमेकींना काटतात आणि मिश्रण टिकतं. तिसरा उपाय म्हणजे पावडर किंचित ओली करून तिचे गोळे बांधायचे, मग सुकवायचं. चिकटलेला दाणा फटीतून जाणार कसा? आणि चौथा तुमच्या स्वयंपाकघरातला. दोन किलो पिठात चमचाभर हळद थेट टाकत नाहीत, आधी मूठभर पिठात कालवतात, मग त्यात आणखी मूठभर, मग दुप्पट. बी.फार्मवाल्यांना हे ‘जिओमेट्रिक डायल्युशन’ म्हणून परीक्षेला येतं.

इतकं करूनही एक धोका उरतोच. नीट मिसळलेली पावडर ब्लेंडरमधून पिंपात, पिंपातून मशीनच्या नरसाळ्यात ओतताना ढीग पडतो, आणि ढिगाच्या उतारावर तोच खेळ नव्याने सुरू होतो. बारीक मध्ये, जाड कडेला. बांधकामावर खडीचा ढीग बघा, मोठी खडी पायथ्याशी गोळा झालेली दिसेल.

हे फक्त औषधांपुरतं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांत जी लांबच लांब, किंचित उतरती फिरणारी भट्टी असते, तीही एक ड्रमच. आतला माल १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायचा असतो. बारीक माल गाभ्यात जाऊन बसला तर ज्वाळेची आच आधी बाहेरच्याला लागते, आतला कच्चा राहू शकतो. भाकरी वरून करपावी आणि आतून कच्ची निघावी तसं.

प्रोजेक्टच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमची अॅक्रिलिकची नळी फिरवून बघितली. पट्टे पडायला वेळ लागतो म्हणून आम्ही ती सकाळपासूनच मोटरवर लावून ठेवली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘माझी आजी सुपात तांदूळ घोळायची. पाखडणं वेगळं, घोळणं वेगळं. घोळताना सूप असं गोल गोल, हलकं हलवायची, आणि कणी एका कोपऱ्यात गोळा व्हायची. तिला कधी विचारलं नाही, कसं होतं म्हणून.’’

मग त्यांनी आम्हाला विचारलं की सूप उलट्या दिशेने घोळलं तर कणी कुठल्या कोपऱ्यात जाईल. आम्हाला सांगता आलं नाही. तुमच्या घरात सूप असेल तर बघून सांगा.